पी. जे. हार्वे

पॉली जीन हार्वे (जन्म: ९ ऑक्टोबर १९६९, ब्रिडपोर्ट, डॉर्सेट, इंग्लंड) ह्या इंग्लिश गायिका, गीतकार, संगीतकार व कवयित्री आहेत. पी. जे. हार्वे ह्या नावाने त्या ओळखल्या जातात. पर्यायी रॉक संगीतातील त्या एक महत्त्वाच्या कलाकार असून ब्रिटनमधील मर्क्युरी पारितोषिक दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कलाकार होत.

प्रारंभिक जीवन

हार्वे ह्यांचे बालपण डॉर्सेट परगण्यातील कॉर्सकोम ह्या खेड्यात गेले. वडिलांचा दगडखाणीचा व्यवसाय होता, तर आई शिल्पकार होती. आईवडिलांच्या संग्रहातील ब्लूज गायक, बॉब डिलन आणि कॅप्टन बीफहार्ट ह्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत त्या वाढल्या. शालेय वयात त्या सॅक्सोफोन शिकल्या. १९८८ मध्ये त्या जॉन पॅरिश ह्यांच्या ऑटोमॅटिक डलामिनी ह्या वाद्यवृंदात सामील झाल्या. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स महाविद्यालयात शिल्पकलेच्या अभ्यासक्रमासाठी त्यांना प्रवेश मिळाला होता. परंतु त्यांनी संगीताचा मार्ग पत्करला.

कारकीर्द

१९९१ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने तिघांचा वाद्यवृंद स्थापन केला. 'ड्राय' (१९९२) हा त्यांचा पहिला संग्रह. त्यानंतरचा 'रिड ऑफ मी' (१९९३) हा संग्रह स्टीव्ह अल्बिनी ह्यांनी ध्वनिमुद्रित केला. कुजबुजीइतका हळू स्वर एकाएकी कर्कश गिटारच्या कल्लोळात शिरतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याच वर्षी वाद्यवृंद विसर्जित झाला आणि हार्वे ह्यांची एकल कारकीर्द सुरू झाली. 'टू ब्रिंग यू माय लव्ह' (१९९५) मध्ये त्यांनी ब्लूजच्या परंपरेकडे वळून ऑर्गन व तंतुवाद्यांचा वापर केला.

'स्टोरीज फ्रॉम द सिटी, स्टोरीज फ्रॉम द सी' (२०००) ह्या संग्रहाला २००१ चे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या एकल महिला कलाकार ठरल्या. पारितोषिकाची घोषणा ११ सप्टेंबर २००१ रोजी झाली. त्या दिवशी हार्वे वॉशिंग्टनमध्ये होत्या आणि पेंटॅगॉनवर हल्ला झाला, तेव्हा त्याच शहरातून त्यांनी दूरध्वनीवरून पारितोषिक स्वीकारले.

'व्हाइट चॉक' (२००७) साठी त्यांनी सरावाची गिटार बाजूला ठेवून, आपल्याला फारसा अवगत नसलेला पियानो हाती घेतला आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायन केले.

युद्ध आणि प्रवास

'लेट इंग्लंड शेक' (२०११) हा संग्रह डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळील एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला. गीतांचे शब्द आधी लिहून पूर्ण केले गेले व चाली नंतर बांधल्या गेल्या. पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीची मोहीम हा त्यातील एक प्रमुख विषय आहे. युद्धाच्या भीषणतेचे वर्णन ऑटोहार्पच्या हलक्या, जवळजवळ लोकगीतासारख्या सुरांत येते. ह्या विरोधामुळेच ते अधिक परिणामकारक होते. ह्या संग्रहाला दुसरे मर्क्युरी पारितोषिक लाभले.

पुढे छायाचित्रकार शेमस मर्फी ह्यांच्यासमवेत त्यांनी कोसोव्हो, अफगाणिस्तान व वॉशिंग्टन येथे प्रवास केला. त्यातून 'द हॉलो ऑफ द हँड' (२०१५) हे कविता व छायाचित्रांचे पुस्तक आणि 'द होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट' (२०१६) हा संग्रह निर्माण झाला. त्याचे ध्वनिमुद्रण लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये एकतर्फी काचेआड झाले व प्रेक्षकांना ते पाहता आले. हा संग्रह ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचला. तथापि, वॉशिंग्टनमधील गरीब वस्तीच्या चित्रणावर तेथील राजकीय नेत्यांनी टीका केली. परक्या माणसाने अल्पकाळ पाहून दुसऱ्यांच्या दुःखाविषयी किती बोलावे, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला.

काव्य व बोलीभाषा

त्यानंतर हार्वे आपल्या परगण्याकडे परतल्या. 'ऑरलम' (२०२२) हे त्यांचे दीर्घ कथाकाव्य डॉर्सेटच्या बोलीत असून समोरच्या पानांवर प्रमाण इंग्रजीतील रूप दिले आहे. एका नऊ वर्षांच्या मुलीचे एक वर्ष त्यात वर्णिले आहे. १९ व्या शतकात विल्यम बार्न्स ह्या कवींनी ह्याच बोलीत काव्यरचना केली होती. 'आय इनसाइड द ओल्ड इयर डाइंग' (२०२३) ह्या संग्रहातील गीते 'ऑरलम'मधील कवितांवर आधारलेली आहेत. त्यामुळे प्रामुख्याने वयस्क ग्रामस्थांच्या तोंडी उरलेले शब्द रॉक संगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

सन्मान

संगीतसेवेबद्दल २०१३ मध्ये त्यांना 'मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा किताब देण्यात आला. ग्रॅमी पुरस्कारांसाठीही त्यांना अनेकदा नामांकन मिळाले आहे.