डे, डें आणि डं : म्हणींची कोडी आणि तुळजापूरची करपल्लवी

क, ना, अं, डे, च, वा, ये, ग, ता, ण, ना, ई. ही बारा अक्षरे नीट लावून म्हण ओळखा. कोडी सोडवणाऱ्या वाचकाने ‘नाचता येईना अंगण वाकडे’ एव्हाना लावलेही असेल.

इंग्रजीतल्या अशा कोड्यात सुटे वर्ण फिरतात. मराठीत फिरते ते अक्षर. काना, मात्रा, अनुस्वार त्याला चिकटूनच राहतात. त्यामुळे हा खेळ शुद्धलेखनाच्या तावडीत सापडतो. जुन्या वळणाने हीच म्हण ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ अशी लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आणि आमच्या धाराशिवकडे बोलताना अंगण ‘वाकडं’च असते. म्हण एक, पण शेवटची सोंगटी तीन तऱ्हांची. जिने ही म्हण जात्यावर ऐकली, ती ‘डं’ शोधत बसणार. तिला म्हण येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

हा जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. म्हणी टिकल्या त्या घरात, शेतात, बाजारात; पुस्तकाच्या आधाराने नव्हे.

पण अक्षरांचा खेळ इथे छापखान्यासाठी खोळंबला नव्हता. तुळजापूरच्या भवानीचे उपासक गोंधळी, आणि त्यांची करपल्लवी म्हणजे बोटांची सांकेतिक भाषा. प्रेक्षकांतला कोणी एका गोंधळ्याच्या कानात एखादे नाव सांगतो. तो चकार शब्द न काढता हातांच्या खुणा करतो आणि दूर उभा असलेला जोडीदार ते नाव मोठ्याने सांगतो. डोळ्यांनी तेच केले की नेत्रपल्लवी. बघणाऱ्याला हा देवीचा चमत्कार वाटतो, पण आत पक्के व्याकरण आहे. आधी वर्गाची खूण, मग त्या वर्गातले कितवे अक्षर ते, मग मात्रा. ‘डे’ सांगायचा तर ट-वर्ग, तिसरे अक्षर, वर एकाराची मात्रा. जे अक्षर छापील कोड्यात अखंड सोंगटी असते, ते इथे फोडून पाठवले जाते आणि पलीकडे पुन्हा जोडले जाते. वर्णमालेची ही मांडणी ज्यांच्या बोटांवर होती, त्यांना आपण सहज अडाणी म्हणून टाकतो.

छापील कोडे करपल्लवीतून निघाले, असा माझा दावा नाही. तसा धागा मला दिसत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दोहोंतला फरक. छापील कोडे लिहिलेल्या रूपाला बांधलेले असते, करपल्लवी ऐकलेल्या रूपाला. गोंधळ्याच्या कानात कोणी ‘वाकडं’ म्हटले, तर त्याची बोटे एकाराकडे वळणारच नाहीत. ट-वर्ग, तिसरे अक्षर, वर अनुस्वार. आणि पलीकडचा जोडीदार ‘वाकडं’च म्हणेल.