यतीम मुलांचा हिशेब

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उरळीच्या पुढे यवत लागते, त्यानंतर खुटबाव आणि मग केडगाव. १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत ही आगगाडी धावू लागली आणि वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, दौंडहून मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला. यवत म्हटले की आज लोकांना ऊस, गुऱ्हाळे आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आठवतो. पण या रुळांवरून दुष्काळाची, प्लेगची, आईबाप नसलेली मुलेही आली. त्या मुलांना आसरा कोणी दिला हे इतिहासात सापडते. आसरा देणाऱ्याला हिशेब कोणी विचारला, आणि नेमका कशाचा विचारला, हे फारसे कोणी पाहत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. संस्थेवर देखरेख करायला सल्लागार मंडळ होते. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, आणि सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची बाजू समजण्यासारखी आहे. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असे सांगून संस्था काढली होती आणि तो शब्द पाळला गेला नाही, असे त्यांना वाटले. तरीही देखरेख करणारे निघून गेल्यावर मुलींच्या खाण्यापिण्याची, औषधपाण्याची आणि सुरक्षेची देखरेखही त्यांच्याबरोबरच गेली. मागे राहिलेल्या मुलींकडे बाहेरचे कोणी पाहणारे उरले नाही. मुलांच्या संस्थेची तपासणी धर्माच्या प्रश्नावर सुरू होते आणि धर्माच्या प्रश्नावरच संपते, याचे आपल्या भागातले हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण असावे.

चार वर्षांनी गोष्ट याहून मोठी झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. इतकी माणसे शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून रमाबाईंनी केडगावच्या आपल्या जमिनीवर झोपड्या उभारल्या. आजचे मुक्ती मिशन तिथूनच वाढले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जण राहत होते. यवत-केडगावच्या त्या वेळच्या वस्तीच्या मानाने हा आकडा किती मोठा असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायका-मुलींच्या अब्रूला संरक्षण नाही, आणि आपल्या आश्रयातल्या एका मुलीच्या बाबतीत त्याचा परिणाम दिसला, असे पत्र रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात लिहिले. हे पत्र विलायतेत पोचले आणि प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, विचारला गेला. एका अनाथ मुलीच्या सुरक्षेबद्दल हजारो मैल दूरच्या कायदेमंडळात सरकारला उत्तर द्यावे लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण उत्तर आले मुंबईच्या गव्हर्नरांकडून. लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले आणि विषय मिटला. त्याच सुमारास विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या वागणुकीवर आरोप केले होते. पुरावा उभा करता न आल्याने हिंदुस्थानात परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

आरोप ज्या कारभारावर होता, त्याच कारभाराचा अहवाल उत्तर म्हणून वाचला गेला. कायदेमंडळाच्या हाती स्वतःचा असा डोळा नव्हता. सव्वाशे वर्षांनंतर मुंबईच्या विधानभवनात एखाद्या बालगृहाबद्दल तारांकित प्रश्न येतो, तेव्हा त्याचे उत्तरही ज्या खात्यावर प्रश्न आहे त्याच खात्याची कचेरी तयार करते. फरक इतकाच की आता सदस्याला उपप्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते आणि समितीकडे जाता येते. हा फरक लहान नाही, पण तो वापरला तरच.

कायद्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८५० चा अॅप्रेंटिस कायदा दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देणारा होता. मुंबईत डेव्हिड ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्याच्या देणगीने सुधारशाळा उभी राहिली, त्यानंतर १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळा कायदे आले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात ठेवू नये असे सांगितले. माँटफर्ड सुधारणांनी प्रांतांच्या कौन्सिलांना थोडे अधिकार मिळताच मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली बालकांचा कायदा केला. मुंबई शहरात तो १९२७ पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. डोंगरीच्या उमरखाडीत जुन्या तुरुंगाच्या आवारात मुलांचे गृह उभे राहिले. आपल्यापैकी ज्यांचे नातलग डोंगरी-भेंडीबाजारात आहेत, त्यांना 'डोंगरीचे रिमांड होम' हे शब्द सांगावे लागणार नाहीत. कायद्यातून 'रिमांड होम' हे नाव केव्हाच गेले, मोहल्ल्यातून मात्र गेलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बालक कायदा आला. प्रांताच्या कायदेमंडळाने हे कायदे देशाच्या संसदेच्या पुष्कळ आधी केले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. कायदा करण्यात हा प्रांत पुढे होता. कायद्याचे पुढे काय झाले हे पाहण्यात त्याचा वेग तसा राहिला नाही.

१९६० साली संसदेने अनाथालये आणि धर्मादाय गृहांच्या देखरेखीसाठी एक कायदा केला. राज्यात एक नियंत्रण मंडळ असावे आणि त्यात संस्थाचालकांबरोबर विधिमंडळाने निवडून दिलेले सदस्यही बसावेत, अशी त्यात योजना होती. यतीमखान्याच्या चालकाच्या शेजारी आमदार बसून वही तपासतो आहे, हे चित्र मला फार अर्थपूर्ण वाटते. पण कायदा लागू करणे राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले आणि ही कल्पना कागदावरच अधिक राहिली.

मग विधिमंडळाच्या जागी कोर्ट आले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी आधी राज्यातल्या पोलीस कोठड्यांमधील बायकांचा आणि नंतर देशभरच्या तुरुंगांतल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ साली न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी द्यायला सांगितले आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा असे म्हटले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी वयोमर्यादा अठरा केली आणि बाल कल्याण समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले. २००६ च्या दुरुस्तीने मुलांच्या सर्व संस्थांची नोंदणी सक्तीची केली. २०१५ च्या कायद्याने, जो जानेवारी २०१६ पासून अमलात आहे, नोंदणी नसलेली संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखाहून कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही, सांगितले. प्रत्येक संस्थेला दर तीन महिन्यांनी किमान एक भेट द्यायची. भेट देणाऱ्या तीन जणांत एक स्त्री आणि एक डॉक्टर हवा. तरीही सर्वोच्च न्यायालयाला ५ मे २०१७ च्या निकालात सर्व संस्थांची नोंदणी वर्षअखेरपर्यंत पुरी करा, असे बजावावे लागले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात आयोगांतल्या, समित्यांतल्या रिकाम्या जागा भरा, असे सांगावे लागले. ती याचिका २००५ सालची होती. म्हणजे तेरा वर्षे गेली.

विधिमंडळाकडे साधने नाहीत असे मात्र नाही. दोन्ही सभागृहांची मिळून महिला व बालकांचे हक्क आणि कल्याण यांसाठी समिती आहे. अल्पसंख्याक कल्याण समिती आहे. खर्चाचा तपास लोकलेखा समिती करते. याशिवाय २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राज्याच्या बालहक्क आयोगाचा अहवाल दोन्ही सभागृहांसमोर ठेवायचा असतो, आणि नुसता अहवाल नव्हे: कोणत्या शिफारशीवर काय केले आणि कोणती का मानली नाही, याची कारणेही सोबत द्यायची असतात. महाराष्ट्राचा आयोग २००७ साली स्थापन झाला. मुलांच्या बाबतीत सरकारला लेखी जाब द्यायला लावणारे याहून चांगले कलम मला तरी माहीत नाही. त्यावर सभागृहात दोन तास चर्चा झाली, तर शंभर लक्षवेधींपेक्षा जास्त काम होईल.

त्याऐवजी होते असे की एखादी घटना घडते आणि सारे राज्य एकदम जागे होते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीने दोघांचा जीव घेतला, येरवड्याच्या बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, आणि गदारोळ उठला. मंडळाच्या दोन सदस्यांची चौकशी झाली, त्यांना दूरही करण्यात आले. चौकशी व्हायलाच हवी होती. पण ज्यांच्यामागे ना पैसा ना वर्तमानपत्र, अशी मुले त्याच व्यवस्थेतून रोज जातात, आणि त्यांच्यासाठी चौकशी बसत नाही.

आता आपल्या दारातली गोष्ट. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे गाडीतून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुले भुसावळ आणि मनमाडला उतरवण्यात आली. ८ ते १७ वयाची ही मुले पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मुलांच्या तस्करीचा गुन्हा दाखल झाला आणि ते सुमारे चार आठवडे कोठडीत राहिले. मुले बारा दिवस नाशिक-जळगावच्या निवारागृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचे सांगत प्रकरण बंद केले. बातमी पहिल्या दिवशी जितकी मोठी होती, तितकी शेवटच्या दिवशी नव्हती.

हीच गाडी पुढे नगर, दौंड, यवत अशी पुण्याला येते. म्हणून मला १८९३ आठवते. पुन्हा पहिला प्रश्न मुले कोणत्या धर्माच्या शाळेत चालली आहेत, हाच झाला. खरे प्रश्न वेगळे होते: आईबापांची लेखी संमती घेतली का, अररियाच्या बाल कल्याण समितीला कोणी विचारले का, पोचण्याच्या ठिकाणी राहण्याची सोय कशी आहे, आणि मुलांना घरी पाठवायला बारा दिवस का लागले. यातले शेवटचे दोन प्रश्न कोणत्याही आमदाराला सभागृहात विचारता येण्यासारखे आहेत.

पण संशयाची तक्रार करून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यातले कित्येक चालक नोंदणीचे नाव काढले की अंगावर येतात. दीनी कामात सरकार कशाला, असे विचारतात. शिक्षणहक्क कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत मदरसे आणि वैदिक पाठशाळा वगळल्या, हे ते सांगतात. ते खरे आहे, पण ती सूट शिक्षणाची आहे. मूल रात्री कुठे झोपते, आजारी पडल्यावर त्याला कोण नेते, यांची ती सूट नव्हे. कुरआनच्या चौथ्या सूऱ्यात, अन-निसामध्ये, यतिमाचा माल त्याच्या हवाली करताना साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. मालाला जर साक्षीदार हवा, तर मुलाला नको काय?

आणखी एक बाब आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. अरबीत बाप वारलेल्या नाबालिग मुलाला यतीम म्हणतात. आई हयात असली तरी ते यतीमच. सरकारी कायद्यातला 'अनाथ' म्हणजे आईबाप किंवा सांभाळणारा पालकच नसलेला. त्यामुळे यतीमखान्यात अशी पुष्कळ मुले सापडतात की ज्यांची आई दोन गावे सोडून धुणीभांडी करत असते. अशा आईसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली. मूल घरीच राहावे यासाठी ती आहे. मशिदीच्या चंद्यातून यतीमखान्याला पोते पाठवणाऱ्या जमातीने त्या आईचा अर्ज भरून दिला, तर त्या मुलाला यतीमखान्यात जावेही लागणार नाही.

महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच आहे, यवतपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. दर तीन महिन्यांच्या भेटीचा अहवाल आठवड्याच्या आत जिल्हा पातळीवर द्यायचा असतो. विधिमंडळाच्या समित्या जिल्ह्यांचे दौरे करतात. पुण्याच्या दौऱ्यावर त्या आल्या, की वर्षभरातले हे सारे अहवाल मागता येतात, नोंदणी झालेल्या संस्थांची यादी मागता येते आणि यादीत नसलेल्या गृहांची नावे गावच्या लोकांनाच विचारता येतात. केडगावला विचारता येतात, यवतला विचारता येतात, आणि आपल्या यतीमखान्यांतही.