न निघालेली अधिसूचना

१ सप्टेंबर २०१९ रोजी सुधारित मोटार वाहन कायद्यातील वाढीव दंड लागू झाले. परवान्याविना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० झाला. डोंबिवलीच्या चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या हाती मात्र जुनाच दर राहिला, आणि तो पुढे सव्वादोन वर्षे टिकला.

कायदा संसदेचा, मग राज्याने तो थोपवला कसा?

उत्तर त्याच कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. रस्त्यावर जागच्या जागी भरायची रक्कम हे ‘तडजोड शुल्क’ असते आणि ते राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. नवी अधिसूचना निघाली नाही, की जुनी चालू राहते. मद्यपी चालकाचा खटला न्यायालयातच जातो. त्याला ही सवलत नव्हती.

नकार कोणाचा होता, हे अधिक बोलके आहे. कायदा आणणारे नितीन गडकरी नागपूरचे. अंमलबजावणी थांबवून त्यांना फेरविचारासाठी पत्र धाडणारे राज्याचे परिवहनमंत्री दिवाकर रावते शिवसेनेचे, म्हणजे युतीतलेच. विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली होती! गुजरातने तर आदल्याच दिवशी दंड घटवले होते. पण निवडणूक झाली, सरकार बदलले, तरी अधिसूचना निघेना. तेव्हा केवळ मतांचे कारण पुरत नाही. वाढीव दंड वसूल करण्याचा रोष राज्याच्या पोलिसांनी झेलायचा होता. दुसऱ्या पारड्यात त्या एकाच वर्षी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर गेलेले बारा हजारांहून अधिक जीव होते.

अमेरिकेत हाच वाद बंदुकांवरून झाला. बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी स्थानिक पोलीसप्रमुखांनी करावी, असे संघीय ‘ब्रॅडी कायदा’ सांगत होता. मोंटानातील शेरीफ जे प्रिंट्झ न्यायालयात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला : संघ सरकारला राज्यांचे अधिकारी असे राबवून घेता येणार नाहीत. भारतात ही वाट बंद आहे. शस्त्रे संघसूचीत आहेत, आणि राज्यघटनेचे कलम २५६ संसदेचे कायदे पाळण्याचे बंधन राज्यांवर घालते. म्हणून येथे उघड नकार सहसा दिसत नाही. फाईल पुढे सरकत नाही, इतकेच.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने बजावले, की कायद्यातील किमान रकमेखाली राज्यांना उतरता येणार नाही. महाराष्ट्राची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये निघाली. परवान्याविना वाहन चालविण्याचे ५,००० तिने स्वीकारले. हेल्मेट न घातल्याबद्दल केंद्राने १,००० ठरवले होते. राज्याने ५०० च ठेवले.