समुद्राचा गंधक आणि सूर्य

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि पुढें पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा मुलूख कारखान्यांनीं भरून गेला. या मुलखावर आषाढांत कोसळणाऱ्या पावसांत गंधकाचा अंश असतो. तो धुराड्यांतून आला, असें सहज म्हटलें जातें. तें कांहीं अंशीं खरेंहि आहे. परंतु हा पाऊस आणणारे वारे अरबी समुद्रावरून येतात, आणि समुद्राजवळहि गंधकाची स्वतःची पुंजी आहे. तिचा ठाव मनुष्यास अगदीं अलीकडे लागला.

नद्या खडकांतील गंधक समुद्रांत वाहून नेतात. मग तो जमिनीवर परततो कसा? कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा वायु त्याचा वाहक असावा, असा पूर्वी समज होता. १९७२ सालीं जेम्स लव्हलॉक व त्यांचे सहकारी यांनीं तो मान डायमिथिल सल्फाइडला दिला. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींच्या पेशींतील एका द्रव्यापासून हा वायु उत्पन्न होतो.

याचा एक भाऊबंद म्हणजे कार्बोनिल सल्फाइड. तो हवेंत दीर्घकाळ टिकतो व वातावरणाच्या वरच्या थरांत पोहोंचून गंधकाम्लाचे सूक्ष्म कण निर्माण करितो, असें पॉल क्रुट्झेन यांनीं १९७६ सालीं मांडलें. हे कण सूर्याचें कांहीं तेज माघारीं फिरवितात. मग समुद्रांत हा वायु घडवितो कोण? १९८४ सालीं फेरेक व आंद्रेआए यांनीं उत्तर दिलें: स्वतः सूर्यच.

रंगीत लुगडें रोज उन्हांत वाळविलें तर त्याचा रंग उडतो. समुद्राच्या पाण्यांतहि कुजलेल्या जीवसृष्टीचीं रंगीत द्रव्यें विरघळलेलीं असतात. अतिनील किरण शोषून तीं उत्तेजित होतात, व गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्यांपासून हा वायु तयार होतो. म्हणून दिवसा त्याचें प्रमाण वाढतें. रात्रीं पाण्याशीं विक्रिया होऊन तें घटतें. उलट, डायमिथिल सल्फाइडचा मात्र ऊन नाश करितें. एकच सूर्य एक वायु घडवितो, दुसरा मोडतो!

या शोधाचे धागे आपल्या किनाऱ्यासहि पोहोंचले. १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यास दोना पावला येथें आहे. जवळच्याच जुवारी नदीच्या खाडींत डायमिथिल सल्फाइड ऋतुमानाप्रमाणें कसा बदलतो, याचा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला.

हा खटाटोप कशासाठीं? पावसांतील सोडियमच्या प्रमाणावरून लाटांच्या तुषारांतला गंधक वजा करितां येतो. उरलेल्यांत समुद्राच्या वायूंचा वांटा किती आणि कोळसा-तेलाच्या धुराचा किती, हें कळल्यावांचून मनुष्याचा दोष मोजतां येत नाहीं. धुराड्यांचें पाप समुद्राच्या माथीं मारणें जसें अन्यायाचें, तसेंच समुद्राची पुंजी विसरणेंहि चुकीचें. निवाडा करावयाचा, तर दोन्हीं खातीं उघडावीं लागतात.