जालना जिल्ह्यातील हिवताप सर्वेक्षण आणि रक्तनमुन्याचा अहवाल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मराठवाड्यातील बहुसंख्य खेडूतांच्या रक्ताची पहिली तपासणी त्यांच्या घराच्या उंबरठ्यावर झाली, असे म्हटल्यास ते चुकीचे ठरू नये. तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा हिवताप कर्मचारी हा या भागातील प्रयोगशाळेचा पहिला प्रतिनिधी होय. हिमोग्लोबिन, साखर, विडाल इत्यादी तपासण्या सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचल्या त्या पुष्कळ नंतर. या थेंबाचे पुढे काय होत असे आणि त्याचा अर्थ रक्त देणाऱ्याला कितपत कळत असे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता; १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद राज्यात मोडत होता.

पानथरीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत :

सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ होण्यापूर्वी हिवतापाचे मोजमाप हाताने होई. मुलांच्या पोटाला हात लावून पानथरी वाढली आहे काय, हे पाहावयाचे आणि शंभर मुलांमागे अशी किती मुले आढळली यावरून गाव किती ग्रस्त आहे ते ठरवावयाचे, ही पद्धत १८४० च्या दशकात उत्तर भारतातील कालव्यांच्या प्रदेशात डेंपस्टर यांनी वापरली. या तपासणीचा निष्कर्ष गावाविषयी असे. एकेका मुलाला त्यातून काही सांगितले जावे, अशी अपेक्षाच नव्हती. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

हिवतापाचे परजीवी लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिले. डासाच्या जठरात ते रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे आढळले. जालना त्या काळी ज्या राज्यात होते, त्याच राज्यातील हा शोध; पण त्याचा लाभ येथील खेड्यांपर्यंत पोहोचण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

काचपट्टीचा प्रवास :

राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डी.डी.टी.च्या फवारणीनंतर उरलेले रुग्ण हुडकणे हे मुख्य काम ठरले. कर्मचारी दर पंधरा दिवसांनी घरोघर जाई, भिंतीवरील चौकटीत भेटीची तारीख लिही आणि घरात कुणाला ताप येऊन गेला का, असे विचारी. ताप असल्यास एकाच काचपट्टीवर जाड व पातळ असे दोन थर घेतले जात आणि तेथेच क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या जात. म्हणजे निदान होण्यापूर्वीच उपचार होई. काचपट्टी प्रयोगशाळेत गेल्यावर जे.एस.बी. या भारतातच विकसित झालेल्या रंजकाने ती रंगवून तपासली जाई. परजीवी आढळल्यास कर्मचारी समूळ उपचारासाठी प्रायमाक्विन घेऊन पुन्हा त्या घरी येई. न आढळल्यास त्याने परत येण्याचे कारण उरत नसे.

येथेच खरा प्रश्न आहे. बहुसंख्य काचपट्ट्यांत परजीवी आढळत नसत. त्यामुळे बहुसंख्य रक्तदात्यांना अहवाल मिळतच नसे. कोणी न आल्यास 'काही निघाले नाही' असे समजावयाचे. वास्तविक एका काचपट्टीत परजीवी न दिसणे म्हणजे हिवताप नसणे असे नाही. परजीवी अल्प असल्यास ते नजरेतून सुटतात, आणि म्हणून ताप टिकल्यास पुन्हा रक्त तपासावे लागते. ही साधी गोष्ट सांगण्याची सोय या यंत्रणेत नव्हती.

देशातील नोंदलेले रुग्ण १९६१ मध्ये सुमारे ५० हजारांपर्यंत उतरले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. १९७७ च्या सुधारित योजनेत वर्षाकाठी किमान १० टक्के लोकसंख्येचे रक्त तपासावे, असा दंडक आला. उद्दिष्टाची टक्केवारी गाठणे हे मग कामाचे माप बनले. कर्मचाऱ्यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. पायी वा सायकलने वाड्या-वस्त्या पालथ्या घालणाऱ्या माणसाकडून जे मागितले गेले, ते त्याने दिले. मात्र पानथरीच्या काळाप्रमाणे रक्ताची ही तपासणीही मूलतः प्रदेशाचीच राहिली.

जलद चाचणी :

२०१० च्या औषध धोरणाने निदानापूर्वी क्लोरोक्विन देण्याची प्रथा बंद केली. आता आशा कार्यकर्तीजवळील जलद चाचणीच्या पट्टीवर १५ ते २० मिनिटांत रुग्णासमक्ष रेषा उमटते. अहवाल प्रथमच घरात वाचला जाऊ लागला, हा बदल लहान नाही. तथापि फाल्सिपेरम हिवतापात परजीवी नष्ट झाल्यानंतरही त्यांचे प्रतिजन काही आठवडे रक्तात राहते आणि बऱ्या झालेल्या माणसाच्या पट्टीवरही रेषा दिसते. हे माहीत नसलेले कुटुंब आजार गेलाच नाही, असे समजून पुन्हा औषधाकडे वळू शकते. उपचार यशस्वी झाला की नाही, हे पाहण्यासाठी तेथे जुनी काचपट्टीच लागते.