उभ्या ट्रकचा हिशोब

गेल्या शुक्रवारी रात्री साडेदहाला आमच्या बिल्डिंगखाली एक दहाचाकी ट्रक येऊन थांबला. थांबला म्हणजे नुसता उभा राहिला, इंजिन चालूच. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. खिडकीच्या काचा थरथरतायत, धूर घरात येतोय, आईचा खोकला सुरू. शेवटी पायात चप्पल सरकवून खाली गेलो. भांडायच्या तयारीनेच, खोटं कशाला बोलू?

ड्रायव्हर काका पाथर्डीकडचे निघाले. म्हटलं, "काका, इंजिन तेवढं बंद करा की." तर म्हणतात कसे, "करतो की सायेब. पण परत चालू नाय झालं तर धक्का मारायला याल का?" बॅटरी जुनी, स्टार्टरचा भरवसा नाही. शिवाय ब्रेक हवेचे. इंजिन बंद करून हवेचा दाब उतरला, तर तो परत भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. आणि ते थांबले होते नो एन्ट्री सुटायची वाट बघत. "डिझेल मालकाचं. पण गाडी अडली तर शिव्या मला," काका म्हणाले. यावर काय बोलणार? भांडण तिथेच मिटलं.

वर आलो, पण झोप येईना. मग सवयीप्रमाणे हिशोब मांडला. एवढं मोठं डिझेल इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला साधारण एक ते दोन लिटर डिझेल पितं. दीड धरू. असे शंभर ट्रक दोन-दोन तास उभे राहिले तर ३०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर २७ हजार रुपये, एका रात्रीत, शून्य किलोमीटर जाण्यासाठी! एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आठशे किलो तोही झाला. धुराचं वेगळंच. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलंय. त्या धुरात सगळ्यात जास्त वेळ बसतो तो ड्रायव्हरच.

आता गंमत बघा. आमच्या शीवचा अर्थच मुळी हद्द. गावाची शीव म्हणतो ना, तीच. मुंबई बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. म्हणून तर इंग्रजांनी सतराव्या शतकात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, एकोणिसावं शतक उजाडता उजाडता, खाडीवर बांध घालून कुर्ल्याकडे जायला रस्ता झाला. पुढे दीड शतक शहराची हद्द इथेच. १९५० मध्ये उपनगरं मुंबईत आली, १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंतचा भाग आला, आणि हद्द उचलून तिकडे गेली.

हद्दीबरोबर नाके आले. मुलुंड, ऐरोली, दहिसर, मानखुर्द ही नावं ट्रकवाल्यांना पाठ असायची, कारण शहरात माल आणायचा तर तिथे जकात भरायची. पावत्या बघा, किंमत ठरवा, शंका आली तर माल उतरवून बघा. तोवर मागे रांग. आणि रांग ही अशी गोष्ट आहे की तिच्यात इंजिन बंद करणं परवडतच नाही. दर पाच मिनिटांनी दहा फूट पुढे जायचं, त्यासाठी कितीदा स्टार्टर मारणार?

महापालिकेच्या दृष्टीने जकात म्हणजे उत्पन्नाचा सर्वात मोठा झरा, वर्षाला हजारो कोटींचा. त्यामुळे राज्यात इतर शहरांतली जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आला, तरी मुंबईची टिकून राहिली. महापालिकेच्या जमाखर्चात जकातीची रक्कम नीट लिहिलेली असायची. रांगेत जळलेलं डिझेल मात्र त्यात कुठेच नव्हतं. ते मालकाने भरलं, मग भाड्यात घातलं, आणि शेवटी ते आपल्या कांद्या-बटाट्यात आलं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि जकात रातोरात बंद पडली. कोणी नवं इंजिन शोधलं नव्हतं, ड्रायव्हर लोकांचं प्रबोधनही झालं नव्हतं. कर घ्यायची पद्धत बदलली आणि जकातीची रांग संपली. इंजिनिअर म्हणून हे कबूल करणं जरा जड जातं :)

तंत्राचे उपाय आहेतच. कॅलिफोर्नियात ट्रकला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन नुसतं चालू ठेवायला बंदी आहे. २००८ पासून झोपायच्या केबिनवाल्या ट्रकनाही. टेनेसीतल्या आयडलएअर कंपनीने तळांवर केबिनच्या खिडकीतून थंड हवा आणि वीज पुरवायची सोय केली. ड्रायव्हरने तासाप्रमाणे पैसे द्यायचे. खर्च झेपला नाही, २००८ मध्ये दिवाळं निघालं. आपल्याकडे १९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका उच्च न्यायालयात गेली, आणि त्यातून मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. ट्रक राहिले डिझेलवरच.

मला सगळ्यात आवडलेला उपाय मात्र कोकण रेल्वेचा. जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू केली. मालाने भरलेला ट्रक तसाच वाघिणीवर चढवायचा, इंजिन बंद, आणि घाटवळणं न तुडवता गोव्यात उतरवायचा. ड्रायव्हर बरोबरच, चक्क झोपून! पुढे ही सेवा सुरतकलपर्यंत गेली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं, की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. उत्तम झालं. पत्र्याच्या भट्टीत बसून दहा-बारा तास गाडी हाकणाऱ्याला तो मिळायलाच हवा होता. पण एसी चालतो इंजिनावर. मे महिन्यात नो एन्ट्री सुटायची वाट बघणारा ड्रायव्हर आता इंजिन बंद करेल? मी तरी करणार नाही. त्याला "बंद कर" सांगायच्या आधी थांबायला सावलीची जागा, वीज जोडायचा बोर्ड, संडास-आंघोळीची सोय आणि आत शिरायची ठरलेली वेळ द्यायला हवी. वेळ आधी कळली तर तो निम्मं थांबणं घराजवळच्या ढाब्यावर करेल.

असो. काका पावणेएकला निघाले. जाताना वर बघून हात केला. आई खिडकीतच होती. म्हणाली, "बिचारा जेवला तरी असेल का?" मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.