मेंदूजन्य इस्ट्रोजेन

मेंदूतील पेशींनी जागच्या जागी तयार केलेले इस्ट्रोजेन. त्यातला मुख्य रेणू इस्ट्रॅडायोल; अरोमाटेज या विकरामुळे तो टेस्टोस्टेरॉनपासून बनतो, आणि हे विकर नर-मादी दोघांच्याही मेंदूत असते. इस्ट्रोजेन म्हणजे बीजांडकोशात तयार होऊन रक्तावाटे अंगभर फिरणारे संप्रेरक, ही शालेय पुस्तकातली ओळख त्यामुळे अपुरी ठरते. फ्रेडरिक नॅफ्टोलिन, केनेथ रायन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूतील ऊतीत अशा प्रकारचे रूपांतर होते हे दाखवले. त्यानंतर बराच काळ त्याचा संबंध गर्भावस्थेतील मेंदूच्या घडणीशीच जोडला जात होता. प्रौढ मेंदूच्या रोजच्या कामकाजात हे इस्ट्रोजेन मिनिटामिनिटाला भाग घेते, म्हणून त्याला संप्रेरकापेक्षा चेताजालातला स्थानिक संदेशवाहक मानणे अधिक योग्य, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते.

यात कळीचा मुद्दा वेळेचा. संप्रेरकांचा परिचित मार्ग पेशीकेंद्रकातून जातो: जनुके जागी होतात, नवी प्रथिने बनतात, आणि त्याला काही तास ते दिवस लागतात. मात्र १९७६ मध्ये केली, मॉस आणि डडली यांनी उंदीर माद्यांच्या मेंदूतील एकेका चेतापेशीजवळ सूक्ष्म नळीने इस्ट्रोजेन सोडले, तेव्हा त्या पेशींच्या विद्युत्‌स्पंदांची गती क्षणांत बदलली. जनुकांना एवढ्या वेळात काहीच करता येत नाही. इस्ट्रोजेनचे काही ग्राही पेशीपटलावरही असतात, ते ग्लुटामेटच्या ग्राहींशी हातमिळवणी करतात आणि पेशीतील संदेशसाखळ्या तत्काळ हलवतात, हे पुढे उलगडत गेले. परिणाम सर्वत्र सारखा नसतो. हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात इस्ट्रॅडायोल चेतापेशींना रोखणाऱ्या संदेशांचा दाब सैल करते. पण उंदरांत हा दाब सैल करणारी एक विशिष्ट यंत्रणा माद्यांत दिसते, नरांत नाही, असे हुआंग आणि वूली यांनी २०१२ मध्ये दाखवले.

बाहेरून सोडलेल्या इस्ट्रोजेनने काही घडले म्हणून मेंदू स्वतःही तेच करतो असे होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियन पक्ष्याने दिले. आपल्याकडच्या मुनियांचा हा नातलग. रिमेज-हीली, मेडमेंट आणि श्लिंगर यांनी २००८ मध्ये नराच्या मेंदूतील श्रवणभागात बारीक शोधनळी बसवून दर अर्ध्या तासाने तिथला द्रव तपासला. मादी समोर आली की त्या भागातले इस्ट्रॅडायोल वाढे; अरोमाटेज रोखले की घटे. रिमेज-हीली आणि श्लिंगर यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये दाखवले, की या इस्ट्रॅडायोलमुळे श्रवणपेशींचा गाण्याला मिळणारा प्रतिसाद बळकट होतो, आणि डाव्या बाजूला त्याची निर्मिती थांबवली तर पक्ष्याची गाण्यांमधली आवडनिवड ढळते. लावा पक्ष्यावरील बाल्थाझार्ट आणि बॉल यांचे काम याला पूरक आहे: कॅल्शियमच्या चढउताराबरोबर अरोमाटेजला फॉस्फेट जोडले जाते आणि त्याचा वेग काही मिनिटांत उतरतो. ज्या कारखान्याला चेतापेशीची हालचाल स्वतःच चालूबंद करते, त्याचा माल दूरच्या ग्रंथीवर विसंबून नसतो.

इस्ट्रोजेन मेदात विरघळते, पटलातून सहज पाझरते, मग ते ‘स्थानिक’ राहील कसे, हा दुसरा आक्षेप. पाझर होतो हे खरे. पण निर्मिती थांबताच पातळी उतरत असेल, तर मर्यादित जागेपुरता संदेश टिकू शकतो. तिसरा आक्षेप अधिक अवघड: अरोमाटेज रोखल्यावर टेस्टोस्टेरॉन साचते, मग दोष कुणाचा? २०१९ मध्ये उंदरांच्या अग्रमस्तिष्कातील उत्तेजक चेतापेशींमधून अरोमाटेजचे जनुक काढून टाकले गेले. तिथले इस्ट्रॅडायोल ७० ते ८० टक्क्यांनी घटले, चेतासंधी कमी झाले, स्मरण बिघडले. इस्ट्रॅडायोल परत देताच स्मरण सुधारले. मेंदूच्या कापांत तर अल्पकाळ दिलेल्या मात्रेनेही चेतासंधींची बळकट होण्याची क्षमता परतली. टेस्टोस्टेरॉन साचणे हेच एकमेव कारण असते, तर असे घडले नसते.

मेंदूतले इस्ट्रोजेन बाहेरून मोजण्यातली अडचण कळण्यासाठी म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातले हत्ती पाहावेत. कबिनी जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले की नागरहोळेच्या जंगलातून येऊन उघड्या पडलेल्या गवताळ काठावर कळप जमतात, आणि टी. एन. सी. विद्या यांचा गट २००९ पासून येथील हत्ती एकेक ओळखून त्यांचा अभ्यास करतो आहे. माजावर आलेल्या नराच्या गंडस्थळातून मद झरतो, मूत्र ठिबकत राहते. श्रीलंकेतील हत्तींच्या रक्तचाचणीवरून १९७२ मध्येच कळले होते, की या अवस्थेत टेस्टोस्टेरॉन कैक पटींनी चढते. रानटी हत्तीचे रक्त काढता येत नाही, तेव्हा शेणातले संप्रेरकांचे अवशेष मोजतात. ही पद्धत मोलाची आहे. पण तिच्यातून कच्चा माल किती आहे एवढेच समजते, मेंदूने त्याचे कुठे आणि केव्हा इस्ट्रॅडायोल केले ते नाही. लावा आणि उंदरांत नराचे मीलनवर्तन काही अंशी याच रूपांतरावर चालते. हत्तीबाबत ही शक्यता आहे, निष्कर्ष नव्हे; तरीही माजाचा सगळा हिशेब टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर मांडणे घाईचे ठरेल.

रक्तातले संप्रेरक आणि मेंदूतले इस्ट्रोजेन यांतल्या फरकाचा हा प्रश्न माणसांत थेट दवाखान्यात येतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगात लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ही अरोमाटेजरोधक औषधे वर्षानुवर्षे दिली जातात, आणि पेट चित्रणात मानवी मेंदूतले अरोमाटेज थॅलॅमसमध्ये ठळक दिसते. या औषधांचा स्मरणावर होणारा परिणाम सर्व अभ्यासांत सारखा आढळलेला नाही, आणि कर्करोग उलटू नये म्हणून ती घेणे आवश्यकच असते. पण विसरायला होते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णेला, या वयात रक्तात इस्ट्रोजेन तसेही नगण्यच असते, असे सांगून परत पाठवणे शास्त्राला धरून नाही.